भारतीय मोटारीचा पाया घालणारे वालचंद हिराचंद

२३ नोव्हेंबर हा दिवस भारतीय उद्योगविश्वातील एका साहसी पुरुषाची जयंती म्हणून स्मरणात ठेवला जातो. सोलापूरच्या भूमीत १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी रेल्वेची कंत्राटे, जहाज वाहतूक, साखर कारखाने, विमाननिर्मिती, जहाजबांधणी आणि मोटारनिर्मिती अशा परस्परांहून सर्वस्वी भिन्न क्षेत्रांत पाऊल टाकले. या सर्वांमध्ये सामान्य भारतीयाच्या दारापर्यंत पोहोचलेली वस्तू म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कारखान्यात तयार झालेली मोटार होय.

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली होती आणि टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची मुदत तेव्हा संपली. तथापि खासगी मालकांकडे, जुन्या मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळींकडे आणि लहान शहरांतील गॅरेजांमध्ये या मोटारी आजही आढळतात. त्या चालू ठेवण्याचे कौशल्य जपणारे कारागीर मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत. ज्या माणसाच्या जिद्दीतून हा कारखाना उभा राहिला, त्याच्या जीवनाचा आणि त्या मोटारीच्या अंतरंगाचा हा परिचय.

सोलापूरचे दिवस

वालचंद यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने हे दिगंबर जैन कुटुंब दक्षिणेकडे आले आणि सोलापुरात स्थायिक झाले. वडील हिराचंद यांचा सावकारी आणि कापसाचा व्यवसाय होता. वालचंद यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले. घरात गुजराती आणि बाहेर मराठी अशा वातावरणात ते वाढले.

१८९९ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर त्यांनी मुंबई आणि पुणे येथील महाविद्यालयांत शिक्षण घेतले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना घरच्या व्यवसायाकडे वळावे लागले. पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करणे त्यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते. व्यापारातील आरंभीच्या प्रयत्नांना फारसे यश आले नाही. त्यामुळे पिढीजात धंद्याबाहेरचा मार्ग शोधण्याची त्यांची ओढ अधिकच वाढली.

हा मार्ग त्यांना रेल्वेने दाखविला. रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. फाटक यांच्याकडे कामाची माहिती होती, तर वालचंद यांच्याकडे भांडवल उभे करण्याची पत होती. बार्शी लाईट रेल्वेच्या विस्ताराचे काम या जोडीने हाती घेतले आणि फाटक-वालचंद हे नाव कंत्राटदारांच्या वर्तुळात परिचित झाले. एका जैन सावकारपुत्राने मातीकाम, खडी आणि मजुरांच्या तांड्यांचा व्यवसाय स्वीकारावा, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती.

घाटातील बोगद्यांपासून समुद्रापर्यंत

पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकामाचा व्यवसाय वेगाने वाढला. १९२० मध्ये टाटा समूहाच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी अस्तित्वात आली, तर १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे हे या काळातील महत्त्वाचे काम होते. अशी मोठी कामे युरोपीय कंपन्यांनीच करावयाची, हा तोपर्यंतचा प्रघात होता. तो मोडण्यात वालचंद यांचा मोठा वाटा आहे.

सरकारी कंत्राटांवर मोठे झालेले वालचंद पुढे परकीय सत्तेच्या आर्थिक धोरणाशी उघडपणे झगडले. त्यांच्या आयुष्यातील ही विसंगती टीकाकारांनी वेळोवेळी दाखवून दिली आहे. परंतु सरकार हेच देशातील सर्वांत मोठे ग्राहक असताना उद्योजकाला त्याच्याशी व्यवहार टाळणे शक्य नव्हते, हेही तितकेच खरे. प्रश्न होता तो त्या व्यवहारातून मिळालेले भांडवल कोठे गुंतवावयाचे हा.

वालचंद यांनी ते समुद्रात गुंतविले. महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी ही बोट विक्रीस असल्याचे त्यांना समजले. युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरल्या गेलेल्या या बोटीच्या खरेदीतून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्माला आली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे त्यांचे सहकारी होते. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टीने मुंबईहून इंग्लंडकडे प्रयाण केले. स्वतंत्र भारतात हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

या प्रवासानंतरचा काळ कठीण होता. किनारपट्टीची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हाती एकवटलेली होती. नवा स्पर्धक आला की भाडे इतके उतरवावयाचे की तो टिकूच नये, ही त्यांची रीत होती. सिंदियाला हे भाडेयुद्ध सोसावे लागले आणि १९२३ मध्ये स्वतःच्या वाढीवर मर्यादा घालणारा करारही स्वीकारावा लागला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी सातत्याने लावून धरली.

१९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९३२-३३ या वर्षात भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. याच काळात नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील कळंब येथे त्यांचे ऊस आणि साखरेचे प्रकल्प उभे राहिले. कळंबजवळची वसाहत पुढे वालचंदनगर या नावाने प्रसिद्ध झाली.

मोटारीचा ध्यास

भारतात मोटारी येऊ लागल्या त्या परदेशांतून. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईतील शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि त्यापाठोपाठ फोर्डनेही भारतात जुळणी सुरू केली. परंतु जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. परदेशांतून खोक्यांत भरून आलेले सुटे भाग येथे नटबोल्टने जोडले जात. इंजिन, गिअरपेटी, डायनमो, वायरिंग यांपैकी एकही वस्तू कशी घडवावयाची, याचे ज्ञान त्या खोक्यांतून येत नसे.

थोर अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली. ही योजना प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी वालचंद यांनी उचलली. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ या कल्पनेला अनुकूल होते. परंतु १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो आधार नाहीसा झाला. त्यानंतर म्हैसूर संस्थानाने उत्साह दाखविला. मात्र भारत सरकारची संमती मिळू शकली नाही. युद्धकार्यासाठी मोटार कारखाना आवश्यक नाही आणि यंत्रसामग्रीसाठी डॉलर खर्ची घालता येणार नाहीत, अशी सरकारची भूमिका होती.

वालचंद यांनी १९३९ मध्ये अमेरिकेचा दौरा केला. फोर्ड कंपनीशी झालेली बोलणी फलद्रूप झाली नाहीत. क्रायस्लर कंपनीने मात्र सहकार्याची तयारी दर्शविली आणि १९४० मध्ये तिच्याशी करार झाला. करार हाती होता, परंतु परवानगी नव्हती. पुढील चार वर्षे या अवस्थेत गेली. त्याच सुमारास बिर्ला समूहानेही या क्षेत्रात प्रवेश केला आणि १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्सची स्थापना झाली.

विमान आणि जहाज

अमेरिकेच्या याच दौऱ्यातून परतताना विमानप्रवासात वालचंद यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी पडली. पॉली यांचा चीनमध्ये विमाननिर्मितीचा व्यवसाय होता. विमाने चीनमध्ये तयार होऊ शकतात, तर भारतात का नाही, या विचाराने वालचंद यांना पछाडले. मोटारीला नकार देणाऱ्या सरकारला युद्धकाळात विमानांची गरज होती. म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली आणि १९४१ मध्ये तेथे जुळविलेले पहिले विमान आकाशात झेपावले. १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि वालचंद यांना त्यातून बाहेर पडावे लागले. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचे मूळ या कंपनीत आहे.

जहाजबांधणीची कथा याहून फारशी वेगळी नाही. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे सिंदिया कंपनीच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी येथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे जलावतरण केले. खर्चाचा भार खासगी कंपनीला न पेलल्याने १९५२ मध्ये हा कारखाना सरकारी नियंत्रणाखालील हिंदुस्थान शिपयार्डकडे गेला. विमान आणि जहाज हे दोन्ही उद्योग वालचंद यांनी सुरू केले आणि ते दोन्ही अखेर राष्ट्राच्या मालकीचे झाले.

कुर्ल्याचा कारखाना

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली आणि मुंबईतील कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये, तेथून पहिली वाहने बाहेर पडली. क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या नावांच्या मोटारी आणि मालमोटारी येथे तयार होऊ लागल्या. प्रारंभी हीदेखील जुळणीच होती. फरक हेतूत होता. एकेक भाग देशात घडवीत जाऊन बाहेरून येणाऱ्या मालाचे प्रमाण कमी करावयाचे, हे कारखान्याचे उद्दिष्ट होते.

अमेरिकी मोटारी अवजड होत्या आणि पेट्रोल अधिक पीत. भारतीय मध्यमवर्गाला आणि टॅक्सीचालकाला परवडेल अशी छोटी मोटार हवी होती. त्यासाठी १९५० च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. फियाट ११०० ही मोटार १९५४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिचे सुधारित रूप १९६४ मध्ये आले. १९७२ मध्ये तिला प्रीमियर प्रेसिडेंट हे नाव मिळाले आणि १९७४ मध्ये तीच मोटार प्रीमियर पद्मिनी झाली.

१९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून केंद्र सरकारने महत्त्वाचा निर्णय घेतला. ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने भारतात निर्मिती करण्याचा कार्यक्रम असेल, त्यांनाच परवानगी मिळेल, असे ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपली जुळणी बंद केली. ज्या तत्त्वासाठी वालचंद यांनी दीड दशक झगडा दिला, ते सरकारी धोरण झाले. परंतु हे पूर्णत्वास गेलेले पाहण्यास ते हयात नव्हते.

मोटारीतील वीज

मोटार देशात घडविणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी तिच्या वीजव्यवस्थेकडे पाहणे उपयुक्त ठरते. १९५० च्या दशकात बंगळूरच्या मायको कंपनीने स्पार्क प्लगची, तर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या लुकास-टीव्हीएस कंपनीने मोटारीच्या विद्युत उपकरणांची निर्मिती हाती घेतली. मोटार कारखान्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहतात आणि त्यांतून कारागिरांची पिढी घडते, हा वालचंद यांचा हिशेब यातून खरा ठरला.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागते. आरंभीच्या मोटारींत ती मॅग्नेटो या यंत्रातून मिळे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉइलवर चालणारी पद्धत रूढ केली. त्यांनीच तयार केलेला विजेवरील स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला. कुर्ल्याच्या मोटारींतही मूलतः हीच पद्धत होती.

बॅटरीची वीज चावीच्या स्विचमधून कॉइलच्या जाड वेढ्यांत जाते आणि तेथून डिस्ट्रिब्युटरमधील सी. बी. पॉइंटमार्गे जमिनीला, म्हणजे मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला, मिळते. पॉइंट उघडताच हा प्रवाह खंडित होतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर हा दाब क्रमाने एकेका प्लगकडे पोहोचवितो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडाव्या लागतात. पॉइंटमधील फट साधारणतः अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते. ती बिघडली की ठिणगीची वेळ आणि ताकद दोन्ही बिघडतात. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर निकामी झाल्यास पॉइंटवर निळसर ठिणग्या उडून ते काळे पडतात आणि त्यांवर खड्डे पडतात. अशा वेळी केवळ पॉइंट घासून भागत नाही. कंडेन्सर बदलावा लागतो.

बॅटरी भरण्याचे काम डायनमोचे. इंजिनाचा वेग वाढला की डायनमोचा दाबही वाढतो. तो आवरण्यासाठी रेग्युलेटर असतो. बोनेटखालील या छोट्या पेटीत सामान्यतः तीन चुंबकी स्विच असतात. पहिला कट-आउट. डायनमोचा दाब बॅटरीपेक्षा अधिक झाला की तो जोडणी करतो आणि कमी झाला की तोडतो. दुसरा स्विच डायनमोच्या फील्डमध्ये क्षणोक्षणी अवरोध घालून दाब मर्यादेत ठेवतो, तर तिसरा प्रवाह मर्यादेत ठेवतो.

दोष शोधण्याची पद्धत या रचनेवरूनच ठरते. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन मध्यम वेगात असताना हा आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. तो वाढलाच नाही, तर डायनमो, त्याचा पट्टा, कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर यांपैकी कोठेतरी दोष आहे. तो १५ च्या वर जात असेल, तर दाबाचे नियंत्रण सुटले आहे. बॅटरीतील पाणी लवकर आटणे आणि बल्ब वारंवार जाणे ही त्याची लक्षणे होत. रात्रभर उभ्या मोटारीची बॅटरी उतरत असेल आणि डायनमो गरम लागत असेल, तर कट-आउटचे टोक चिकटले आहे आणि वीज उलट दिशेने डायनमोत जात आहे, असे समजावे. अशा वेळी बॅटरीची तार त्वरित काढणे आवश्यक ठरते. अन्यथा वायरिंग जळू शकते.

अनुभवी कारागीर मात्र रेग्युलेटरला सर्वांत शेवटी हात लावतो. प्रथम बॅटरीची टोके, नंतर बॅटरी, सांगाडा आणि इंजिन यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या तारा, मग फ्यूज, चावीचा स्विच आणि कॉइलपर्यंतची तार, असा त्याचा क्रम असतो. चावी लावून पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पहिल्या टोकाशी जवळजवळ बॅटरीइतकाच दाब मिळाला पाहिजे. तो बराच कमी असेल, तर मधल्या जोडणीत गंज अथवा सैलपणा आहे. गंजलेल्या टोकामुळे रेग्युलेटरला चुकीची माहिती मिळते आणि निर्दोष रेग्युलेटर सदोष ठरविला जातो. डायनमोची चाचणीदेखील मोटारीप्रमाणे बदलते. काहींमध्ये फील्डचे एक टोक डायनमोच्या आतच जमिनीला जोडलेले असते, तर काहींमध्ये ते रेग्युलेटरमार्गे जमिनीला मिळते. एकीची पद्धत दुसरीला लावल्यास निष्कर्ष चुकतो.

कुर्ल्याच्या मोटारींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. क्रायस्लर घराण्याच्या त्या काळच्या अमेरिकी मोटारी ६ व्होल्टच्या होत्या आणि त्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. फियाट मात्र १२ व्होल्टची आणि तिचे ऋण टोक सांगाड्याला. जुनी प्लिमथ किंवा डॉज जतन करणाऱ्याने सवयीने बॅटरी उलटी जोडली, तर रेग्युलेटरची टोके जळतात आणि डायनमोला पुन्हा योग्य ध्रुवता द्यावी लागते. एकाच कारखान्याच्या दोन मोटारींतील हा फरक दोन परदेशी करारांची खूण आहे.

भिलाईच्या संदर्भात

वालचंद यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला बसविणारे हेच हात होते. भिलाईचा जिल्हा दुर्ग हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. कारखान्याभोवती वसलेल्या नगरात देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली आणि त्यांत मराठी कुटुंबांचाही समावेश होता.

भिलाई येथे प्रामुख्याने रेल्वेचे रूळ आणि बांधकामाचे पोलाद तयार होऊ लागले. मोटारीच्या पत्र्यासारख्या सपाट मालाची जबाबदारी राउरकेला कारखान्याकडे होती. पुढे भिलाईत जाड पत्र्यांचीही निर्मिती होऊ लागली. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या स्वदेशी विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी लागणारे विशेष पोलाद पुरविणाऱ्या कारखान्यांत भिलाईचा समावेश आहे. रूळ, जहाज आणि मोटार या तिन्ही वस्तू देशातच घडाव्यात, यासाठी वालचंद यांनी आयुष्य वेचले. परंतु त्यांच्या काळात त्यामागे पोलादाचे एवढे बळ नव्हते.

भिलाईसारख्या औद्योगिक नगरांत फियाट आणि ॲम्बेसेडर या मोटारी दीर्घकाळ टिकल्या, याचे एक कारण त्यांची साधी रचना हे होय. दिव्याचा बल्ब आणि दोन तारा यांपासून बनविलेला टेस्ट लॅम्प, पॉइंटची फट मोजण्याची फीलर गेज, स्क्रू-ड्रायव्हर आणि बारीक पॉलिश पेपर एवढ्या साहित्यावर गल्लीतील ऑटो-इलेक्ट्रिशियन ती दुरुस्त करू शके. आजच्या मोटारींत ठिणगीचे आणि विजेच्या दाबाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे आहे. तेथे बिघडलेला भाग उघडण्याऐवजी बदलला जातो.

अखेरचे पर्व

अतिश्रमाचा परिणाम वालचंद यांच्या प्रकृतीवर झाला. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. मोटार कारखान्याची धुरा त्यांचे बंधू लालचंद हिराचंद यांच्याकडे गेली.

वालचंद यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांच्या मर्यादाही विचारात घ्याव्या लागतात. हाताशी पुरेसे भांडवल नसताना एकाच वेळी अनेक उद्योग सुरू करण्याची त्यांची रीत सहकाऱ्यांना धोक्याची वाटे. अनेक प्रकल्पांत त्यांना अखेर सरकारच्या आधाराची गरज भासली. देशी उद्योगाला संरक्षण मिळावे, ही त्यांची मागणी होती. परंतु पुढील काळात त्याच संरक्षणामुळे ग्राहकाला मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले आणि मोटारीत फारशी सुधारणाही झाली नाही. १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली, तेव्हा पद्मिनीची मूळ रचना दोन दशकांहून अधिक जुनी झालेली होती. १९९१ नंतरच्या खुल्या धोरणात ती टिकू शकली नाही. नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज निवासी आणि व्यापारी इमारती उभ्या आहेत.

असे असले तरी त्यांच्या प्रयत्नांचे मोल कमी होत नाही. परक्या सत्तेखाली, परवानगीची खात्री नसताना, जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणारा दुसरा उद्योजक भारतात झाला नाही. सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले आणि तेथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांच्या अनेक पिढ्या देशाच्या कारखान्यांत रुजू झाल्या. सोलापुरातही त्यांच्या नावाचे तंत्रशिक्षण महाविद्यालय कार्यरत आहे.

जुन्या मोटारींबाबत सध्या दिल्ली आणि परिसरातील वयोमर्यादेच्या नियमांमुळे, तसेच प्रदूषणाच्या प्रश्नामुळे चर्चा होत आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. कुर्ल्यात तयार झालेल्या आरंभीच्या अनेक मोटारी या वयोगटात मोडतात. त्या केवळ संग्रहालयात उभ्या न राहता चालत्या राहाव्यात, असे वाटत असेल, तर डायनमो, रेग्युलेटर आणि पॉइंट यांची भाषा जाणणाऱ्या वयोवृद्ध कारागिरांकडून ती विद्या तरुणांनी वेळीच शिकून घेणे अगत्याचे आहे.